तलावातला मासा आला कुठून?

खोपटच्या एसटी आगारापासून सिद्धेश्वर तलाव फार लांब नाही. या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही तलावात किती जातींचे मासे राहतात, असं तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. काठावर गळ टाकून बसणारा सांगतो, तिलापिया आणि मागूर, बाकी काही लागत नाही. मासेमारीचा ठेका घेणारा कटला, रोहू, मृगळ ही नावं घेतो. प्राणिशास्त्र शिकवणारा उलटा प्रश्न करतो : जाळं कोणतं टाकलं, कोणत्या महिन्यात टाकलं आणि दिवसा की रात्री?

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गळाला लागतो तो आमिषावर झेप घेणारा मासा, ठेकेदाराच्या जाळ्यात येतो तो त्यानेच सोडलेला मासा, आणि शास्त्रज्ञाच्या यादीत येतो तो त्याच्या साधनांना सापडणारा मासा. तलावातले मासे मोजायचे म्हणजे हे तिन्ही हिशेब एकत्र मांडायचे. शहरातल्या तलावाच्या बाबतीत त्यात चौथाही हिशेब मिळवावा लागतो. हा मासा इथे आला कुठून? स्वतः चढून आला, कुणी वाढवून विकण्यासाठी सोडला, डासांवर उपाय म्हणून टाकला, की घरातल्या काचेच्या पेटीत मावेना म्हणून रात्री आणून ओतला? हा रकाना नसलेली यादी कितीही लांब असली तरी तिच्यावरून तलावाची तब्येत कळत नाही.

खोदलेलं पाणी, आलेले मासे

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. एकेकाळी इथे साठाच्या वर तलाव होते असं सांगितलं जातं आणि त्यांतल्या कित्येकांचा संबंध शिलाहारांच्या काळाशी जोडला जातो. आज महापालिकेच्या हद्दीत पस्तिसेक उरले आहेत. कोपिनेश्वराच्या पुढ्यातला मासुंदा, पालिका मुख्यालयाजवळचा कचराळी, येऊरच्या पायथ्याचा उपवन, शिवाय आंबे-घोसाळे, रायलादेवी, मखमली, हरियाली, खारेगाव, खिडकाळी आणि खोपटचा सिद्धेश्वर. उथळसरचा जोगिला बुजत बुजत जवळपास दिसेनासा झाला होता. पलीकडे कल्याणमध्ये काळा तलाव आहे, जुन्या नावाने शेणाळे.

माशांच्या दृष्टीने या तलावांची एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांतले बहुतेक माणसाने खोदलेले, बांध घालून अडवलेले किंवा घाट बांधून वाढवलेले आहेत. डोंगरातल्या ओढ्यात जसा हजारो वर्षं तिथेच घडलेला मासा सापडतो, तसा इथे सापडणं अवघड. इथला जुना मासा म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातून, ओढ्यानाल्यांतून आणि भातखाचरांतून आलेला पाहुणा, जो पुढे घरचा झाला. ठाणे-रायगड पट्ट्यात पहिल्या जोरदार पावसात मासे उलट्या धारेने शेतात चढतात, त्याला वलगण म्हणतात. आगरी-कोळी घरांमध्ये वलगणीच्या माशांची वाट पाहिली जाते. अंडी घालण्यासाठी उथळ, गवताळ, ताज्या पाण्याकडे जाणारा हा प्रवास आहे. तलावाची सांड ओढ्याला, ओढा खाडीला आणि बांधावरून शेताला जोडलेला होता, तोवर तलावातली माशांची वस्ती दर पावसाळ्यात नव्याने भरली जात होती.

ती जोडणी तुटली. सांडीच्या जागी गटाराचा पाइप आला, खाचरांच्या जागी इमारती आल्या, गवताळ काठाच्या जागी दगडी आणि काँक्रीटच्या भिंती आल्या. आज सिद्धेश्वरच्या चारही बाजूंना वस्ती आहे. अशा तलावातल्या एखाद्या जातीचे सगळे मासे एका उन्हाळ्यात मेले, तर पुढच्या पावसात ती जात परत यायला वाटच उरलेली नाही. नदीतल्या यादीत आणि शहरी तलावातल्या यादीत हा मूलभूत फरक आहे. नदीत हरवलेली जात वरच्या डोहातून परतू शकते. तलावात हरवलेली जात कुणीतरी आणून सोडल्याशिवाय परतत नाही.

पाण्याचा अहवाल आणि माशाची साक्ष

तलावांचा अभ्यास होत नाही असं नाही. राज्यातल्या महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो आणि ठाण्याच्या अहवालात तलावांच्या पाण्याला जागा असते. सामू, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, जिवाणू असे आकडे त्यात येतात. महाविद्यालयांनीही काम केलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी मासुंदा तलावातल्या रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांची विविधता नोंदवली. कल्याणच्या शेणाळे तलावाच्या पाण्याचेही अभ्यास झाले. पाणी आणि प्लवक यांच्या तुलनेत माशांचा प्रश्न मात्र कडेला राहतो. मासा दिसतो, विकला जातो, खाल्ला जातो, म्हणून तो माहीतच आहे असं आपण धरून चालतो.

खरं तर पाण्याच्या नमुन्यापेक्षा मासा जास्त सांगतो. बाटलीत भरलेलं पाणी त्या सकाळची गोष्ट सांगतं. त्या तलावात तीन वर्षं जगलेला मासा तीन उन्हाळे, तीन विसर्जनं आणि मधल्या काळात कुणी सोडलेलं सांडपाणी या सगळ्यांतून गेलेला असतो. एखाद्या जातीची पिल्लं दिसतात पण मोठे मासे नाहीत, किंवा मोठे आहेत पण पिल्लं नाहीत, यावरून तिथे वीण होते की नाही ते कळतं. हे रसायनांच्या तक्त्यातून कळत नाही. म्हणून मत्स्यगणना करताना जातींची नावं लिहून भागत नाही. प्रत्येक जातीचे किती, कोणत्या लांबीचे आणि वीण होते का, हे तिन्ही लिहावं लागतं.

साइक्सपासून हिरण्यकेशीपर्यंत

महाराष्ट्राला माशांच्या याद्यांची परंपरा मोठी आहे. बंगालमध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरचा ग्रंथ काढला. त्यानंतर दख्खनची पाळी आली. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी इथल्या नद्यांतले मासे गोळा करून त्यांची वर्णनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. अनेक जातींच्या शास्त्रीय नावापुढे आजही 'साइक्स, १८३९' असं लिहिलं जातं. कोळ्यांनी सांगितलेली नुक्ता, खुद्री, शिंगटी ही नावं त्यांनी लॅटिन नावांत घेतली आणि ती तशीच टिकली. फ्रान्सिस डे यांचा 'फिशेस ऑफ इंडिया' १८७५ ते १८७८ या काळात निघाला. पुण्याच्या माशांची फ्रेझर यांनी केलेली यादी १९४२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली.

मराठी नावांत सगळ्यांत आधी घ्यायला हवं ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचं. त्यांनी १९४० साली पश्चिम किनाऱ्याच्या मचूळ पाण्यातला एक पारदर्शक, बोटाच्या पेराएवढा मासा जगासमोर आणला. सुंदरलाल होरा आणि मुंबईचे मत्स्य अधिकारी सेटना यांच्या सन्मानार्थ त्याला 'होराइक्थिस सेटनाय' असं नाव दिलं. १९५२ साली पंचगंगेतल्या, दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाचं वर्णन त्यांनी 'खवलचोर' या नावासह केलं. पुढे टाटांच्या लोणावळ्याच्या तलावांवर महासीरची कृत्रिम वीण करण्याच्या प्रयोगांमागेही तेच होते. होराइक्थिसचं उदाहरण गणना करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावं. मुंबईसारख्या शहराच्या दाराशी मिळणारा मासा विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत शास्त्राला ठाऊक नव्हता, कारण तो बाजारात विकण्याजोगा नव्हता आणि कुठल्याही साध्या जाळ्याच्या आसातून निसटत होता.

अलीकडच्या काळात पुण्यातले अभ्यासक आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र यांनी मुळा-मुठा, इंद्रायणी, कृष्णा, नीरा यांच्या वरच्या पट्ट्यातल्या याद्या पुन्हा तपासल्या. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचं आंतरराष्ट्रीय मूल्यमापन २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यात २९० जातींचे मासे तपासले होते आणि त्यांतल्या १८९ जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, असं त्यात नोंदवलं गेलं.

या सगळ्या कामाचा ओढा नद्यांकडे आणि डोंगराकडे आहे. ते साहजिक आहे, नवी जात तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. पण साठवलेल्या पाण्यानेही चकवलं आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडातून २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी जात जाहीर झाली. वर्णन करणाऱ्यांत तेजस ठाकरे होते. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. भाविक ज्या कुंडाच्या काठावर वर्षानुवर्षं येत होते, तिथे मासे कोणते आहेत हे तोवर कुणी नीट बघितलं नव्हतं. ठाण्याच्या तलावात नवी जात सापडेल, असा याचा अर्थ नाही. बघितल्याशिवाय यादी पुरी झाली असं म्हणू नये, एवढाच अर्थ.

जाळं कोणता मासा सोडून देतं

आता पद्धतीकडे येऊ. गणनेतल्या चुका बहुतेक इथेच होतात.

सगळ्यांत सोपं साधन म्हणजे पाग. शंकूसारखं विणलेलं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं हे फेकजाळं. दोरीचा फास मनगटात, जाळ्याचा काही भाग कोपरावर आणि काठ मुठीत. कमरेतून गिरकी घेऊन भिरकावलं की ते हवेतच गोल उघडतं आणि पाण्यावर चपटं पडतं. शिसं तळाला टेकेपर्यंत थांबायचं, मग दोरी सावकाश ओढायची म्हणजे मणी एकमेकांकडे सरकत तोंड मिटतं. उघड्या, उथळ, वाळूमातीच्या तळावर पागेसारखं दुसरं काही नाही. शहरी तलावात मात्र ती लोखंडी सळईला, जुन्या मूर्तीच्या सांगाड्याला, प्लास्टिकच्या गोणीला अडकते. शेवाळात दडलेला मरळ पागेला दाद देत नाही आणि वाम चिखलात घुसते.

फासजाळं म्हणजे पाण्यात उभं लावलेलं गिल नेट. त्याची अडचण वेगळी. ज्या मापाचा आस, त्याच मापाचा मासा त्यात अडकतो. लहान आरपार जातो, मोठा आपटून परततो. म्हणून युरोपात तलावांच्या गणनेसाठी एक प्रमाणित जाळं ठरलेलं आहे : ३० मीटर लांब, दीड मीटर उंच आणि ५ पासून ५५ मिलिमीटरपर्यंत १२ वेगवेगळ्या मापांचे आस एकाच जाळ्यात. सगळ्यांनी तेच जाळं, रात्रभर आणि ठरावीक खोलीवर लावलं की एका तलावाची दुसऱ्याशी तुलना करता येते. आपल्याकडे तसं बंधन नसतं. एका वर्षी पाग, दुसऱ्या वर्षी ठेकेदाराचं ओढजाळं, तिसऱ्या वर्षी बाजारातून आणलेले नमुने. मग 'जाती घटल्या' किंवा 'वाढल्या' हे निष्कर्ष माशांबद्दलचे नसतात, जाळ्यांबद्दलचे असतात.

थांबायचं केव्हा, हाही प्रश्न आहे. पहिल्या काही खेपांत नव्या जाती भराभर मिळतात, मग कमी होतात, मग खेपेमागून खेप जाते तरी नवं नाव येत नाही. किती खेपांनंतर किती जाती झाल्या याचा आलेख काढला तर तो आधी चढतो, मग आडवा होतो. आडवा झाल्यावर थांबावं. उन्हाळ्यात आडवा झालेला आलेख पावसाळ्यात पुन्हा चढू शकतो, म्हणून निदान तिन्ही ऋतूंत काम हवं. शिवाय शिंगटी, मागूर, वाम हे रात्रीचे मासे. दिवसाच जाळी टाकणाऱ्याला ते कमीच भेटणार.

ओळख पटवणं ही वेगळीच कसोटी. लहान रुपेरी मासा हातात आला की सगळे सारखेच दिसतात. मग ओली काच, पट्टी आणि भिंग घेऊन बसावं लागतं. तोंडाशी मिशा किती, एक जोडी, दोन जोड्या की मुळीच नाहीत? अंगावरच्या मधल्या रेषेत खवले किती? पाठीच्या परातला शेवटचा काटा गुळगुळीत की करवती? शेपटीजवळ काळा ठिपका आहे का आणि तो नेमका कितव्या खवल्यावर? फॉर्मेलिनमध्ये टाकल्यावर रंग जातात, म्हणून फोटो जिवंतपणीच काढायचा. जनुकीय तपासणीसाठी पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, कारण फॉर्मेलिन डीएनए खराब करतं. देशी मागूर आणि आफ्रिकन मागूर यांच्यातला फरकही डोक्याच्या मागच्या हाडाचा आकार बघून ठरवावा लागतो. 'मागूर मिळाला' एवढीच नोंद म्हणून निरुपयोगी ठरते.

गेल्या दीडेक दशकात एक नवी पद्धत आली आहे. मासा न पकडता पाण्यात विरघळलेल्या त्याच्या डीएनएवरून त्याची जात ओळखायची. इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावाचा अनुभव बोलका आहे. तिथे दीर्घ काळात १६ जातींची नोंद झालेली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्याच्या नमुन्यांतून त्यांतल्या १४ जाती ओळखल्या गेल्या, तर त्याआधीच्या फासजाळ्यांच्या गणनेत फक्त ४ मिळाल्या होत्या. साहजिकच सगळीकडे या पद्धतीचं कौतुक झालं.

ठाण्यात मात्र ती जपून वापरावी लागेल. जिथे घराघरांतलं सांडपाणी तलावात येतं आणि जवळच मासळी धुतली जाते, तिथल्या पाण्यात सुरमई, बांगडा आणि बोंबील यांचाही डीएनए सापडेल. यंत्र खोटं बोलणार नाही, पण तलावात बोंबील राहतात असंही नाही. डीएनएने संशयितांची यादी द्यावी आणि जाळ्याने ती पडताळावी, हा क्रम शहरी तलावासाठी योग्य.

चार प्रकारचे रहिवासी

उत्तर कोकणातल्या तलावांत मिळणारे मासे मूळ पाहून चार गटांत मांडता येतात.

पहिला गट जुन्या रहिवाशांचा. मरळ, शिंगटी, देशी मागूर, वाम, लहान आकाराच्या खवलेवाल्या जाती, पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरणारे आणि डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे. यांतले मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून वाईट पाण्यातही तग धरतात. त्यांचं असणं स्वच्छ पाण्याची खूण नव्हे. खरी खूण या गटातल्या नाजूक, लहान जाती. त्या बाजारात जात नाहीत, म्हणून त्यांची नोंद कुणी ठेवत नाही आणि नाहीशा झाल्या तरी कुणाला कळत नाही. अहीर या मोठ्या ईलची गोष्ट आणखी वेगळी. ती वाढते गोड्या पाण्यात आणि वीण करायला समुद्रात जाते. एखाद्या तलावात तिची पिल्लं मिळाली, तर त्या तलावाची खाडीशी वाट अजून उघडी आहे असं समजावं.

दुसरा गट सोडलेल्या माशांचा. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे. महाराष्ट्रात ते माणसाने आणले. साचलेल्या पाण्यात ते वाढतात पण सहसा वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संप्रेरकाच्या इंजेक्शनने कार्प माशांची वीण करण्यात यश आलं. त्यानंतर बीज हवं तेवढं मिळू लागलं आणि गावोगावच्या तलावांत ते सोडलं जाऊ लागलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. शहरातल्या तलावात दहा किलोचा कटला सापडला तर त्यावरून बीज सोडल्याचं आणि तो पाच-सहा वर्षं वाचल्याचं कळतं. तलाव निरोगी आहे, हे त्यावरून ठरत नाही.

तिसरा गट परदेशी, पण सरकारी दाराने आलेल्यांचा. डासांवर उपाय म्हणून गॅम्बुसिया १९२८ साली भारतात आला आणि गप्पी त्याच्याही आधी. मोझांबिक तिलापिया १९५२ साली आला, कॉमन कार्प म्हणजे बाजारातला सायप्रिनसही असाच बाहेरचा. तिलापियाने तर देशभर बाजी मारली. मादी फलित अंडी तोंडात धरते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. मग अंडी खाणारे शत्रू कितीही असले तरी तिचं नुकसान कमीच. घाण पाणी, खारट पाणी, दाटी, सगळं तिला चालतं. जागा कमी पडली की ती लहानपणीच वीण करायला लागते आणि तलाव बोटभर माशांनी भरून जातो. गॅम्बुसिया, मोझांबिक तिलापिया आणि कॉमन कार्प ही तिन्ही नावं जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत आहेत. त्याच यादीत आशियाई मागूरही आहे. आपल्याकडे जो हवाहवासा, तो दुसऱ्या खंडात उपद्रवी ठरतो. मासा वाईट असतो की त्याला नेऊन सोडण्याची जागा चुकते, याचं उत्तर यातच आहे.

चौथा गट गुपचूप आलेल्यांचा. अंगावर कवचासारखे पट्टे असलेला, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा सकरमाउथ मासा दुकानातून येतो तेव्हा बोटाएवढा असतो, पुढे हातभर होतो आणि एके दिवशी त्याला तलाव दाखवला जातो. पुण्य म्हणून जिवंत मासे विकत घेऊन सोडणारेही आहेत. आफ्रिकन मागूर पाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात साठे शोधून नष्टही करण्यात आले. तरी पळालेला किंवा सोडलेला मागूर तलावात शिरला की तो सापडेल ते खातो. या गटातल्या जातींची नोंद पहिल्याच वर्षी झाली तर काहीतरी करता येतं. वीण सुरू झाल्यावर हातात फारसं उरत नाही.

मेलेले मासेही मोजावेत

दर काही वर्षांनी ठाण्यातल्या एखाद्या तलावात मेलेले मासे तरंगल्याची बातमी येते. कारण बहुधा एकच सांगितलं जातं : प्रदूषण. नेमकं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सांडपाण्यातलं, निर्माल्यातलं आणि माशांना भक्तिभावाने टाकलेल्या पाव-पिठातलं खत शेवाळाला मिळतं आणि पाणी हिरवं होतं. दिवसा हेच शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तोच घेतं. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. ढगाळ दिवस लागोपाठ आले किंवा शेवाळ एकदम मेलं तर तो लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅमच्याही खाली जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. मग मोठे कार्प मरतात, लहान रुपेरी मासे मरतात. मागूर आणि मरळ वर येऊन हवा घेतात आणि वाचतात, तिलापियाही बरीच टिकते. पालिकेचे कर्मचारी दुपारपर्यंत सगळं गोळा करून नेतात.

नेण्याआधीचे दोन तास मोलाचे असतात. तराफ्यावर जमलेल्या ढिगात कोणत्या जाती आहेत, किती आणि केवढ्या, हे लिहून फोटो काढले तर कुठल्याही जाळ्याने मिळणार नाही अशी यादी मिळते. एका दुर्घटनेनंतर दुसरी झाली की तुलनाही करता येते. पहिल्या खेपेला आठ जाती मेल्या आणि दुसऱ्या खेपेला तीनच, तर सुधारणा झाली असं समजू नये. बाकीच्या पाच जाती बहुधा मरायला उरल्याच नसतील.

गाळ काढण्याचंही असंच. गाळ काढताना पाणी उपसलं जातं. गणनेसाठी याहून चांगली संधी नाही, कारण तलावातला जवळजवळ प्रत्येक मासा समोर येतो. पण त्याच वेळी जुन्या जातींची अखेरची पिढी ट्रकमधून जाऊ शकते. उपसण्याआधी देशी जाती वेगळ्या काढून दुसऱ्या तलावात ठेवल्या आणि काम झाल्यावर परत आणल्या, तर तो खर्च एकूण कामाच्या मानाने नगण्य असतो. काठाच्या दगडी पिचिंगचा प्रश्नही इथेच येतो. मरळ काठच्या वनस्पतींत जागा मोकळी करून अंडी घालतो आणि राखतो. सरळ उभ्या भिंतीच्या तलावात त्याला ती जागा मिळत नाही. कारंजं लावल्याने थोडा प्राणवायू मिळतो, पण कारंजं अंडी घालायला जागा देत नाही.

भंडाऱ्याचा धडा

महाराष्ट्रात तलावांतल्या माशांचं सगळ्यांत शहाणं काम पूर्व विदर्भात झालं आहे. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेले शेकडो मालगुजारी तलाव आहेत आणि ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे पकडतो. बाहेरचं बीज सोडून उत्पन्न वाढवण्याचा मार्ग तिथेही आला आणि देशी जाती मागे पडत गेल्या. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्याच माहितीवर काम उभं केलं. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, कशावर अंडी घालतो, काय खातो, हे मच्छीमारांना ठाऊक होतं. ते लिहून काढलं. बेशरमची झुडपं उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे पुन्हा वाढू लागले. शालू कोल्हे यांच्यासारख्या महिलांनी या कामाचं नेतृत्व केलं.

ठाण्यासाठी त्यातलं सूत्र घेण्यासारखं आहे. माशांची यादी वनस्पतींच्या यादीशी आणि मच्छीमाराच्या ज्ञानाशी जोडली तरच ती उपयोगी पडते. ठाण्यात कोळी, आगरी, गळवाले आणि ठेक्यावर काम करणारे मजूर अजून आहेत. तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात पूर्वी काय मिळायचं हे साठीतला गळवाला सांगू शकतो. त्याच्याकडून ते लिहून घेतलं पाहिजे, आणि तेही लवकर.

कुणाचं काम?

२०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यपालन, करमणूक अशा कारणांसाठी मुद्दाम बांधलेली जलाशयं वगळलेली आहेत. त्यामुळे शहरातला तलाव संरक्षणाच्या या छत्रीबाहेर राहण्याचा धोका असतो. दुसरा दरवाजा मात्र उघडा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. माधव गाडगीळ यांनी जिचा पाठपुरावा केला ती ही नोंदवही. तलावातल्या माशांची यादी ठेवण्याची ही कायद्याने ठरवलेली जागा आहे आणि तिथे ती असली पाहिजे. राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, हे चांगलंच झालं. गोड्या पाण्यातल्या माशाला असा मान नाही, निदान त्याचं नाव नोंदवहीत तरी यावं.

सिद्धेश्वर तलावासाठी गणना करायची झाली तर तिला मोठं बजेट लागणार नाही. वर्षातून तीन ऋतूंत काम, दिवसा आणि रात्री. ठरलेल्या मापाची जाळी आणि प्रत्येक खेपेची नोंद. फोटो, लांबी, पिल्लं आहेत का हा शेरा. काठावरच्या वनस्पती आणि भिंतीचा प्रकार. गळवाल्यांच्या मुलाखती. ठेका असेल तर कोणतं बीज, केव्हा, किती सोडलं याचा हिशेब. मेलेल्या माशांची वेगळी वही. आणि प्रत्येक जातीपुढे मूळ लिहिण्याचा रकाना : जुनी, सोडलेली, परदेशी, गुपचूप आलेली. जवळच्या महाविद्यालयातला प्राणिशास्त्र विभाग आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांच्या आवाक्यातलं हे काम आहे.

त्याचा उपयोग एका ठिकाणी लगेच होऊ शकतो. ठाण्यात तलाव सुशोभीकरणाची कामं निघत राहतात आणि त्यांच्या निविदांमध्ये दिवे, जॉगिंग ट्रॅक, कारंजी, कठडे यांचे तपशील असतात. त्या कागदांना माशांची ही यादी जोडणं सक्तीचं केलं, तर कुठल्या काठाला भिंत बांधायची नाही, कुठल्या कोपऱ्यातल्या वनस्पती काढायच्या नाहीत, पाणी कोणत्या महिन्यात उपसायचं आणि कोणते मासे आधी हलवायचे, हे आराखड्यातच ठरेल. काम संपल्यावर तीच गणना पुन्हा करावी आणि आधी-नंतरच्या याद्या शेजारी शेजारी छापाव्यात. सुशोभीकरणाने तलावाचं काय झालं, याचा हिशेब तेव्हा नागरिकांना स्वतःच तपासता येईल.